पुराची रेघ

ज्वारी उपटून उपटून मुक्ताबाईच्या तळहातांची सालं निघाली होती. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या तरी धाट मुळासकट वर येत नव्हतं. दोन्ही मुठींत धरायचं, टाच रोवायची, कंबरेतून हिसका द्यायचा. हाताला फडकं गुंडाळलं की पकड सुटायची, फडकं सोडलं की कातडं सुटायचं. दिवसभर हे करून ती घरी आली, तर लेक बाजेवर मांडी घालून मोबाईलमधल्या बाईचं ऐकत बसलेली.

"चूल तरी पेटवायची व्हतीस."

धम्मप्रियानं एका कानातली वायर काढली. "क्लास चालू हाय आये. हजेरी हाय."

"कुनाची हजेरी?"

"सायबाची."

मुक्ताबाईनं डोक्यावरचं सरपण खाली टाकलं. साहेब शिकतो आणि पाठ आपल्या लेकीची दुखते, हे काय तिला नवीन नव्हतं. चुलीत काट्या सारून ती फुंकायला बसली.

बोरकट्टीची नगरपंचायत झाली तेव्हा गावात फटाके उडाले. गाव शहर झालं म्हणून. ओढ्याकडच्या बौद्ध वस्तीत फटाके उडाले नाहीत, कारण वस्तीला रस्ताही नव्हता आणि गटारही. पण धम्मप्रियाला नगरपंचायतीत कंत्राटावर घेतलं. हुद्दा नगररचना सहायक, काम सांगतील ते. तिच्यावर मृत्युंजय साहेब. सोलापुरातून गाडीनं यायचे, दुपारच्या जेवणाला डबा आणायचे आणि कुणाला एकेरी बोलले तरी हसून बोलायचे. माणूस वाईट, असं वस्तीत कुणी म्हणत नव्हतं. हे पुढं लक्षात ठेवायला हवं.

गावाचा विकास आराखडा करायचा होता. त्याच सुमारास वरून आदेश आला की नगरपालिका, नगरपंचायतींत जेवढे नगररचनेचे अधिकारी आहेत त्या सगळ्यांनी ऑनलाईन प्रशिक्षण पुरं करायचं. फुकट होतं, घरबसल्या होतं, शेवटी प्रमाणपत्र होतं. कंत्राटी माणसाला मात्र त्यात नाव घालता येत नव्हतं. साहेबांनी पहिला व्हिडिओ लावला, पेला हातात घेतला आणि चहा संपायच्या आत व्हिडिओ बंद केला. धम्मप्रियाला बोलावून म्हणाले, "तुला शिकण्याची हौस आहे. माझ्या नावानं तू कर. तुला ज्ञान मिळेल, माझं काम होईल."

ती उभीच राहिली. मग धीर करून तिनं वस्तीचं विचारलं.

"बघू की. पिवळ्यात घेऊ," साहेब म्हणाले.

नकाशात पिवळा रंग पडला की तिथं राहायची घरं बांधता येतात. पिवळा नाही तर घरकुल नाही. वस्तीतले सगळे अर्ज या एका रंगापायी अडून पडले होते. लेकीनं हे घरी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भीमानं जुन्या घरामागं पाया खणायला घेतला. तो गवंडी होता. जन्मभर दुसऱ्यांची घरं उभी केली आणि स्वतः मातीच्या धाब्याखाली राहिला. पावसाळ्यात त्या घरात ताटं वाट्या जमिनीवर मांडून झोपायला लागायचं. दिवसा लोकांच्या कामावर जायचा, परत आला की उजेड असेपर्यंत स्वतःच्या जोत्यावर दगड बसवायचा. लेवलच्या नळीचं एक टोक मुक्ताबाईनं धरायचं, दुसरं त्यानं. नळीतलं पाणी दोन्हीकडं एका उंचीला थांबलं की तो खूण करायचा. फोड आलेल्या हातानं तिला नळी धरवत नव्हती, पण ती धरायची. इतक्या वर्षांनी नवरा तिच्यासाठी काहीतरी बांधत होता.

"सायब खरंच घेईल न्हवं पिवळ्यात?" ती विचारायची.

"लेक सायबाची परीक्षा द्याय लागलीया. आनि काय पायजे त्याला?"

धम्मप्रियाला पहिल्यांदा वाटलं होतं की हे एक ओझं. पण त्या क्लासातली बाई चांगलं शिकवायची. ती म्हणायची, नकाशा कचेरीत बसून होत नाही. लोकांबरोबर चाला. पाणी कुठं येतं ते बायकांना विचारा, कारण पाणी आलं की घर त्याच आवरतात. धम्मप्रिया जेवताना हे सगळं आईला सांगायची. आपल्याला विचारलं पाहिजे असं कुणीतरी लांब शहरात बसून म्हणतंय, याचं मुक्ताबाईला हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

शेवटचा गृहपाठ आला तो पुराचा. आपल्या गावात पूर कुठपर्यंत येतो ते लोकांना विचारून नकाशावर दाखवायचं, पुराव्यासकट.

पुरावा वस्तीत भिंतीवरच होता.

करोनाच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर ओढा फुगला. दिवस उगवता उगवता पाणी घरात शिरलं आणि बघता बघता छातीला लागलं. भीमाची आई तानाबाई शेळी सोडायला मागच्या दारानं गेली ती गेलीच. शेळी सापडली. पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाचा पट्टा राहिला होता. भीमानं त्याच्यावर काव कालवून बोटभर जाडीची तांबडी रेघ ओढली. मग शेजारच्यांनी ओढली, मग सगळ्या वस्तीनं. तेव्हापासून दर साली जयंतीच्या आधी घरांना चुना लावला की बायका काव घेऊन ती रेघ पुन्हा ओढायच्या, ह्या घरापासून त्या घरापर्यंत, तुटू न देता. पोरांना त्या रेघेला उभं करायचे. डोकं रेघेच्या वर गेलं की त्या पोरानं ओढा एकट्यानं ओलांडायला हरकत नाही. सांगून कुणी हे ठरवलं नव्हतं. पडलं तसं.

पलीकडच्या काठाला असं काही नव्हतं. तिकडं नगरसेवक शिवानंदचं रान होतं, वस्तीच्या काठापेक्षा चांगलं खाली. पूर आला तेव्हा त्यात चिमाबाई धनगरणीची मेंढरं बसवलेली होती. मेंढरं गेली. चिमाबाई बाभळीवर चढून वाचली. पाणी उतरलं तेव्हा त्याच बाभळीच्या वरच्या बेचक्यात एक मेलेली मेंढी अडकून राहिली होती. पुढं शिवानंदनं रान सपाट केलं, बाभूळ तोडली, चुन्याची फक्की मारून प्लॉट पाडले आणि ओढ्याच्या अगदी कडेला उंच, पांढरंशुभ्र कंपाउंड घातलं.

रविवारी धम्मप्रिया मोबाईल घेऊन घरोघर फिरली. बायका नटून आल्या. दाराशी उभं राहून रेघेवर हात ठेवायचा आणि फोटो काढायचा. कुणी डोक्यावर पदर सारखा केला, कुणी हसून तोंड लपवलं. एकीनं विचारलं, फोटो दिल्लीला जाणार का, तर दुसरी म्हणाली, जाऊ दे की, आपण नाही गेलो तर आपला हात तरी जाईल. मुक्ताबाई शेवटी उभी राहिली. तिनं तळवा सबंध उघडून रेघेवर ठेवला. सोललेलं कातडं फोटोत दिसत होतं.

मग मायलेकी ओढा उतरून पलीकडं गेल्या. चिमाबाई मेंढरांमागं होती. तिनं बाभळीचा राहिलेला बुडखा दाखवला आणि काठी डोक्यावर धरून, टाचा उचलून, मेंढी कुठं अडकली होती ते दाखवलं.

"ह्याच्या बी वर," ती म्हणाली. "माजा हात पुरंना."

धम्मप्रियानं दोन्ही काठ नकाशावर घातले. जसं पाहिलं तसं, जसं ऐकलं तसं. गृहपाठ साहेबांच्या नावानं गेला.

आठवड्यानं क्लासातल्या बाईंनी तो सगळ्यांसमोर उघडून दाखवला. सबंध देशातले अधिकारी ऐकत होते. बाई म्हणाल्या, मृत्युंजयजी, असं काम मी फार थोड्यांचं पाहिलंय, लोकांचा विश्वास मिळवल्याशिवाय हे होत नाही. धम्मप्रिया बाजेवर ताठ बसली. तिनं बोट चालवून लिहिलं, थँक यू मॅडम. खाली नाव उमटलं, मृत्युंजय.

प्रमाणपत्र आलं. साहेबांनी ते चौकटीत घालून खुर्चीच्या मागं लावलं आणि सगळ्या कचेरीला पेढे वाटले. धम्मप्रियाला दोन दिले.

*

नकाशा लागला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. नगरपंचायतीच्या भिंतीवर एवढा मोठा कागद चिकटवला आणि लोक बोटानं आपापलं घर शोधायला लागले. भीमा कामावरून तसाच आला, अंगावर सिमेंट. त्याला वाचता यायचं पण नकाशा कळत नव्हता. त्यानं ओढा शोधला. ओढ्याच्या ह्या काठाला सगळ्या वस्तीवर निळ्या तिरक्या रेघा मारल्या होत्या. पलीकडं स्वच्छ पिवळं.

त्यानं शेजारच्या माणसाला विचारलं, निळ्याचं काय. तो म्हणाला, पूररेषेच्या आत. बांधकामाला बंदी.

भीमा तिथं बराच वेळ उभा होता. घरी आला, हातपाय न धुता जोत्यावर बसला. मुक्ताबाईनं विचारलं, काय झालं.

"निळं दिलंय आपल्याला," तो म्हणाला. "जयंतीची सोय केली सायबानं."

तिला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याचं तोंड बघून तिनं हातातली घमेली खाली ठेवली.

धम्मप्रिया त्या दिवशी घरी उशिरा आली, कारण ती साहेबांच्या खोलीबाहेर उभी होती. आत शिवानंद बसला होता. तो निघाला तेव्हा दारात थांबून तिला म्हणाला, "काय ताई, बाबा बरे हायत का? गवंडी लागतील आता आमाला. सांगा त्यास्नी." आणि गेला.

साहेबांनी तिला बसायला सांगितलं. त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

"मी दोन्ही काठ दाखवले होते सर."

"दाखवले होते. मी पाहिलं. फार छान होतं."

"मग पलीकडचं कुठं गेलं?"

"ते ट्रेनिंग होतं धम्मप्रिया. हा प्लॅन आहे."

साहेब समजावणीच्या आवाजात बोलत राहिले. पलीकडं पुरावा काय? एक म्हातारी काठी वर करून दाखवते. बाभूळ आहे का? नाही. सभागृहात कोण ऐकेल? ह्या काठाला मात्र घरोघर पुरावा, फोटो, बायकांचे हात. तो मी कसा नाकारू? पाणी येतं तिथं घरं बांधू दिली आणि उद्या कोणी मेलं तर जबाबदार कोण?

"रेघ तुम्हीच ओढलीत ना," ते म्हणाले. "तुम्हीच जपून ठेवली. मी नाही ओढली."

"तुमी पिवळ्यात घेऊ म्हनला होता." कचेरीत ती नीट बोलायची, तेवढं वाक्य घरच्यासारखं बाहेर पडलं.

साहेबांनी चहा मागवला. तिच्यासाठीही. म्हणाले, हरकतीला महिना आहे, वस्तीनं हरकत घ्यावी, मी स्वतः वर पाठवतो. आणि पेला तिच्याकडं सरकवत म्हणाले, "पुढचा कोर्स येतोय. ड्रेनेजचा. तोही तूच कर. तुझं डोकं चालतं त्यात."

तिनं चहा प्याला. हे तिनं घरी कुणाला सांगितलं नाही.

*

वस्तीनं तिला काही विचारलं नाही. मुक्ताबाईला विचारलं. कांद्याच्या रानात ओळीनं बसून बायका कांदे कापत होत्या, पात धरून विळा मारायचा, कांदा एका अंगाला, पात एका अंगाला. ऊन डोक्यावर. पहिली बोलली ती शेजारचीच.

"आमी रेघंवर हात ठिवून दात काढीत हुबं ऱ्हायलो. तुज्या लेकीला ठावं असंल की."

"न्हवतं ठावं," मुक्ताबाई म्हणाली.

"हापिसात बसती आनि ठावं न्हाय?"

"तिची नोकरी ऱ्हायली न्हवं? मग झालं की," तिसरी म्हणाली.

मुक्ताबाईचा विळा सटकला आणि बोटाला लागला. तिनं बोट तोंडात धरलं. कांद्याचा रस आणि रक्त. कुणी उठलं नाही. एरवी तिघी धावल्या असत्या. तिनं पदर फाडून बोट बांधलं आणि ओळ पुरी केली, कारण ओळ सोडून उठली असती तर तेही बोललं असतं.

घरात ती लेकीशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. भीमानं जोत्यावरचे उरलेले दगड उचलून एका कडेला रचले. जोतं तसंच राहिलं, ना घर ना ओटा. शेळ्या त्याच्यावर चढून बसायला लागल्या.

हरकत गेली. तिच्यावर वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. निरोप आला की जयंतीच्या आधी जिल्ह्याचे मोठे अधिकारी जागा बघायला येतील. त्या दिवशी धम्मप्रिया कचेरीतून आली आणि उंबऱ्यातच बसली. आई चुन्याची ढेकळं पिपात भिजवत होती. पाणी पडलं की चुना फसफसून उकळ्या मारत होता.

"आये, ह्या साली रेघ नको वढू."

मुक्ताबाई काठीनं ढवळत राहिली.

"त्यास्नी भिंतीवर कायच दिसलं न्हाय तर हरकत टिकंल. पलीकडं बाभूळ न्हाय म्हून पानी आलं न्हाय म्हंतेत. आपल्याकडं रेघ नसली तर आपल्याकडं बी आलं न्हाय."

"हे बी त्या बाईनं शिकविलं व्हय?"

इतक्या दिवसांनी आई बोलली ती एवढंच बोलली. धम्मप्रिया खाली मान घालून उंबऱ्याची माती नखानं उकरत होती. मग भीमा बाजेवरून म्हणाला, "खोटं त्यांचं चालतंय. आपलं बी चालतंय का बगू."

वस्तीत सगळ्यांना हे पटलं. चटकन पटलं, त्याचंच वाईट वाटतं. ऊन खाली यायच्या आत घरोघर चुना सुरू झाला. एरवी चुना लावताना गाणी व्हायची, एकमेकींच्या अंगावर शिंतोडे उडायचे. ह्या वेळी कुंचल्याचा खरखर आवाज तेवढा येत होता. काव जुनी, मुरलेली. एका हातात झाकली जाईना. चुन्याखालून गुलाबी दिसत राहायची, वाळली की परत वर यायची. बायकांनी विटेच्या तुकड्यानं भिंत खरवडली आणि मग चुना मारला. मुक्ताबाईनं आपली भिंत शेवटी घेतली. खरवडताना बोटावरची जखम उकलली आणि चुना आत गेला. आग आग झाली. ती थांबली नाही. "आत्याबाय," एवढंच तोंडातल्या तोंडात म्हणाली. भीमा समोरच होता. तो उठून ओढ्याकडं निघून गेला.

साहेब लोक आले ते दुपारी, ऊन मी म्हणत असताना. गाडी पुलाजवळ उभी राहिली. मोठे अधिकारी उतरले, चार पावलं चालले आणि वस्तीतल्या पहिल्या घराच्या सावलीत उभे राहिले. पहिलं घर भीमाचं. सगळी वस्ती तिथं गोळा झाली. मृत्युंजय साहेबांच्या हातात मोठा टॅब होता. धम्मप्रिया त्यांच्या मागं फाईल धरून उभी होती, कारण फाईल धरायचं काम तिचं होतं.

अधिकाऱ्यांनी भीमाला विचारलं, पाणी कुठपर्यंत येतं.

"आमच्याकडं न्हाय येत सायेब," भीमा म्हणाला.

मृत्युंजय साहेबांनी टॅब पुढं केला. बोटानं एकेक फोटो सरकवला. दारं, रेघ, हात. पदर सारखा करणारी, तोंड लपवणारी. शेवटी एका फोटोवर थांबले आणि तो मोठा केला. सबंध पडद्यावर मुक्ताबाईचा सोललेला तळवा आणि त्याच्याखाली तांबडी रेघ.

अधिकाऱ्यांनी फोटो बघितला, भिंत बघितली. ताजा चुना उन्हात डोळ्यांना लागत होता.

"ही बाई कोण?"

"मीच की," मुक्ताबाई म्हणाली.

"मग रेघ कुठं गेली?"

"पुसली सर," मृत्युंजय साहेब हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत असल्यासारखे. "मी म्हणत होतो ना, पुसतील."

मुक्ताबाईनं साहेबांकडं बघितलं नाही. तिनं लेकीकडं बघितलं. धम्मप्रिया फाईल छातीशी धरून उभी होती. अधिकाऱ्यांनी मान हलवली, रुमालानं कपाळ पुसलं. म्हणाले, पुरावा नष्ट करणं योग्य नाही. तुमच्याच जिवासाठी आहे हे. मग पलीकडं हात करून विचारलं, तिकडं काय स्थिती? साहेब म्हणाले, तिकडं नोंद नाही. गाडी वळली. पलीकडच्या काठाला कुणी गेलं नाही.

लोक पांगले. खोटं बोलायला गेलो आणि तेही धड जमलं नाही. खरं बोललो तेव्हा घर गेलं, आणि खोटं बोललो तेव्हा मेलेलं माणूस भिंतीवरून गेलं.

*

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी मुक्ताबाईनं काव कालवली. कुंचला घेऊन भिंतीपुढं उभी राहिली आणि हात वर नेला तो तसाच राहिला. रेघ नेमकी कुठं होती ते कळेना. इतकी वर्षं जुन्या रेघेवरूनच नवी ओढलेली. इथं म्हणावं तर खाली वाटत होतं, तिथं म्हणावं तर वर. भीमा आला, त्यानं तळवा छातीला लावून बघितला, त्यालाही सांगता येईना. वस्तीतल्या बायका आपापल्या दारात काव घेऊन खोळंबल्या होत्या.

मुक्ताबाई घरात वळून म्हणाली, "त्यो फोटू हाय का तुज्याकडं?"

धम्मप्रिया बाहेर आली. तिनं मोबाईलमधला तो फोटो उघडला. भिंतीतला एक उघडा दगड फोटोत हाताच्या खाली दिसत होता. आईनं त्या दगडाजवळ तळवा ठेवला. लेक एकदा मोबाईलकडं, एकदा भिंतीकडं बघत होती.

"वर. जरा. आनि जरा. हां."

मुक्ताबाईनं तिथं खूण केली आणि रेघ ओढली. तांबडी, ओली, चुन्यावर ओघळ येणारी. मग ती बाजूला सरकून ओढ्याकडं बघत राहिली. पलीकडं शिवानंदचं पांढरं कंपाउंड उन्हात चकाकत होतं.

तिनं नवऱ्याला विचारलं, "तुमची नळी पोचंल का तितवर?"

भीमानं डोळे बारीक केले. तो घरात गेला आणि लेवलच्या नळीचं वेटोळं घेऊन आला. एक पुरणार नव्हती. वस्तीत गवंडी काही तो एकटा नव्हता. जो तो आपापली नळी घेऊन आला. टोकं एकमेकांत घालून तारेनं आवळली, पाणी भरलं, बुडबुडे निघेपर्यंत झटकली. ओढ्याच्या कोरड्या तळातून ती नळी दगडधोंड्यांवरून पलीकडं गेली.

ह्या काठाचं टोक कुणी धरायचं, असं कुणी विचारायच्या आत मुक्ताबाईनं ते लेकीच्या हातात दिलं.

"रेघंला लाव. पानी हालू देऊ नको." आणि जाता जाता म्हणाली, "ह्या येळंला तरी खरं धर."

काव घेऊन ती ओढ्यात उतरली.

पलीकडं भीमानं नळीचं तोंड कंपाउंडला छातीएवढं धरलं आणि अंगठा काढला. पाणी बदाबदा सांडलं. त्यानं अंगठा दाबला, तोंड वर नेलं, परत सोडलं. परत सांडलं. डोक्यावर धरलं, तरी सांडलं. शेजारी शिवानंदच्याच विटांची थप्पी होती. त्यानं विटा रचल्या, त्यावर चढला, हात सबंध वर ताणला. चिमाबाई मेंढरं सोडून काठीवर हनुवटी टेकून बघत होती.

"आलं का?" पलीकडून धम्मप्रिया ओरडली.

तिथं पाणी नळीच्या तोंडाशी थरथरलं आणि थांबलं. भीमानं नखानं भिंतीवर ओरखडा काढला. तो खाली उतरला आणि मुक्ताबाई विटांवर चढली. कंपाउंडच्या फाटकावर शिवानंदनं आपल्या प्लॉटांच्या नगराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं. रेघ त्या अक्षरांच्याही वरून जात होती. तिनं कुंचला बुडवला आणि ह्या टोकापासून ओढायला सुरुवात केली. विटा सरकवायच्या, चढायचं, ओढायचं, उतरायचं. काव कोपरापर्यंत ओघळली.

"उद्या पुसत्याल की गं," चिमाबाई म्हणाली.

"पुसू देत. आमी न्हाय का पुसली?"

तिनं परत विटा सरकवल्या. फाटकाच्या आतून कुणीतरी फोनवर मोठमोठ्यानं बोलायला लागलं होतं. भीमा आवाजाकडं पाठ करून विटा धरून उभा राहिला.

ह्या काठाला धम्मप्रियाच्या कमरेला मोबाईल वाजत होता. ड्रेनेजच्या क्लासाची वेळ झाली होती, साहेबांची हजेरी लागायची होती. तिचे दोन्ही हात नळीला होते. काम झालं तरी नळी सोड म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.